परसातल्या दोन खोल्या

वाशीम,
८ डिसेंबर १९७४

गिरजे,
सप्रेम जय भीम.

हे पत्र घेऊन आलेला मुलगा तुझ्या दारात उभा असेल. आधी त्याला पाणी दे, मग पुढचं वाच.

दिलंस? आता ऐक. त्याचं नाव देवमन, वय वीस. रिसोडकडच्या एका खेड्यातला, आमच्यातलाच. त्याची चुलतबहीण माझ्या वसतिगृहात राहून शिकते. हळदीच्या दिवशी त्यानं लग्नाला नाही म्हटलं. पळून नाही आला बरं का. मुलीच्या वडिलांकडे पायी गेला आणि सांगितलं, "दोष माझ्यात आहे, तुमच्या मुलीत नाही." त्या मुलीचं त्याच मांडवात दुसऱ्याशी लागलं, आणि नवरा याच्यापेक्षा उंच मिळाला म्हणे. ती सुटली. हा मात्र अडकला. चुलत्यांनी मारलं, बापानं ट्रंक गल्लीत फेकली. मला सापडला तेव्हा एस.टी. स्टँडवर त्या ट्रंकेवर डोकं ठेवून झोपलेला होता.

आता मुलींच्या वसतिगृहात मी मुलगा कुठं ठेवू? इथं बोका आला तरी समितीला कळवावं लागतं. तुझ्या परसातल्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. एकीत कांदे आहेत हे मला माहीत आहे. कांदे सरकव.

लग्न का नको म्हणाला हे त्याला विचारू नकोस. त्याला वाटेल तेव्हा तो सांगेल. आठ दिवसांची गोष्ट आहे. स्वैपाकघरातून लिलाबाई तुला विचारत असते. तिचे गुडघे थंडीनं पुन्हा आखडलेत.

तुझी,
विमल


कारंजा,
१९ डिसेंबर

विमल,
राम राम नाई तं जय भीम, जे गोड लागन ते घे.

पानी देलं. मंग च्या देला. मंग भाकरी देल्या, त्या किती देल्या ते लिहीत नाई, पोट्ट्याले दृष्ट लागन. तू लिहिलं आठ दिवस. मी मोजून राह्यली, तू मोजून राह्यली नाई असं दिसते.

तुह्या देवमनले वावरातलं काईच येत नाई. खेड्यातला हाय का तुह्या वसतिगृहातला? म्या म्हटलं, जाय, वाफ्यातलं गवत काढ. त्यानं भाजीवर टाकाचा हिरवा सांभार उपटला आन् गवत ठेवलं. वर म्हणे, "मावशी, गवत जास्त हिरवं होतं, मले वाटलं तेच भाजी हाय." मी डोक्शाले हात लावून बसली.

पन बाजारात नेलं तं काय सांगू. मी वीस वर्सं झाले तोंड बंद करून भाजी इकतो. हा बसला आन् सुरू झाला, "या काकू, वांगे नाई हे, लेकरं हायत माही, घरी नेऊन मारजा नोका त्यायले, हळू शिजवजा." बायायची गर्दी झाली. शेजारी रंगूबाई बसते, ते मले शिव्या देऊन राह्यली का तुह्या पोट्ट्यानं माह्ये गिराइक पळवले. दुसऱ्या बाजारी त्यानं तिच्या केसायचा असा अंबाडा बांधून देला का आता ते त्याच्यासाठी घरून लाडू आनते. माह्यासाठी नाई आनत.

माह्या दिराचं लक्ष गेलं. माणिकराव भिंतीवरून पाह्यते. त्याले त्या खोल्या कापूस ठेवाले पाह्यजेत, हे तुले ठाऊक हाय. म्हणे, "वहिनी, हा कोन?" म्या म्हटलं, "विमलचा भाचा." म्हणे, "असा काहून चालते हा?" म्या म्हटलं, "पायानं."

आता खरं सांग. कोनती पोट्टी हाय? जातीबाहेरची हाय का? कोनाची लगन झालेली तं नाई ना? पोट्टा रातच्यानं उसासे टाकते, मले भिंतीतून आयकू येते. मी कोनाले सांगत नाई. तुले ठाऊक हाय माह्यं तोंड.

गिरजा


वाशीम,
४ जानेवारी १९७५

गिरजे,
जय भीम.

तुझं तोंड मला पुरतं ठाऊक आहे. शिरपूरच्या शाळेत मी बोरं कुठं लपवते हे तू गुरुजींना सांगितलं होतंस.

मुलगी नाही. ना जातीतली, ना जातीबाहेरची. याउपर मला विचारू नकोस.

आता रागावू नकोस. दुसऱ्या खोलीतली कुदळ-फावडीसुद्धा काढ.

हे पत्र आणणारीचं नाव गंगू. मालेगावकडची, तुमच्या माळ्यांतलीच. वय एकोणीस. तिची शाळेतली बाई माझी विद्यार्थिनी, तिनं हिला माझ्याकडे पोचवलं. केस तिनं स्वतः कापलेत, त्याबद्दल काही बोलू नकोस. अंगात भावाचा सदरा आहे, त्याबद्दलही बोलू नकोस. रुखमा नावाची तिची मैत्रीण होती. तिचं लग्न करून दिलं, तेव्हापासून हिनं जेवण टाकलं. मग हिचंही ठरवायला घेतलं, तर ही घरात कोणाला जुमानेना. भावांनी कडब्याच्या खोलीत कोंडून बाहेरून कुलूप घातलं. कौलं काढून बाहेर आली. भावांना माझा पत्ता कळला आहे, म्हणून तिला इथं ठेवता येत नाही.

आठ दिवस म्हणत नाही, तू मोजत बसशील.

लिलाबाईनं तिच्याबरोबर शेवया दिल्या आहेत. वाटेत तिनंच खाल्ल्या नसतील तर पोचतील.

तुझी,
विमल


कारंजा,
२६ जानेवारी

विमल, माह्ये माय,

शेवया पोचल्या नाईत. गंगू पोचली.

पयले दोन दिवस ते बोलली नाई. तिसऱ्या दिवशी आमचं हिरीवरचं इंजन बंद पडलं. मी लाथा मारून राह्यली, माणिकराव भिंतीवरून हासून राह्यला. ते आली, माह्या हातातला पाना घेतला, अर्ध्या घंट्यात इंजन धडधड करून राह्यलं आन् ते म्हनली, "भूक लागली." तवापासून जेवते. देवमन रांधते, ते खाते, दोघं भांडतात, मंग दोघं हासतात. त्यानं पिठलं केलं तं ते म्हणे, "हे पिठलं हाय का भिंतीले लावाचं हाय?" आन् दोनदा घेतलं.

आता आयक. तू शिकलेली, पन मास्तरीनच राह्यली. तुह्या लक्षात आलं नाई, माह्या आलं. तो लगन सोडून आला. ते लगनाच्या भेवानं आली. दोघं एकमेकायशिवाय भाजीले फोडनी देत नाईत. वाफ्यात बसून खुसूखुसू बोलतात, मी गेली का गप. याले काय म्हनतात वं? आपल्यालेबी एक दिवस सोळावं लागलं होतं का नाई?

तो बौद्ध, ते माळ्याची. बोंबलतीन लोक. बोंबलू दे. माणिकराव परवाच म्हणे, "वहिनी, बिनलगनाचे पोट्टा-पोट्टी एका परसात कशे काय ठेवले?" म्या म्हटलं, थांब, तुह्यं तोंड बंद करतो. गेली बाजारात, गंगूसाठी हिरव्या बांगड्या घेतल्या, देवमनसाठी धोतरजोडी. तुह्या भन्तेजीले इचारजो, चैत्रात त्यायले फुरसत हाय का. मी दोघायले अजून सांगतलं नाई. आयतवारी सांगतो. कशे लाजतीन ते पाहाले तू पाह्यजे होती!

मीच हे जमवलं, तू नाई. ध्यानात ठेव.

गिरजा


(पोस्टकार्ड)

वाशीम, २९ जानेवारी

गिरजे, काही करू नकोस. भन्तेजींना सांगणार नाही. धोतर परत कर. त्या दोघांना समोर बसवून आधी त्यांचं ऐक आणि ते बोलत असताना मध्ये बोलू नकोस. हे तुला अवघड आहे हे मला माहीत आहे. कार्ड आयतवारच्या आत पोचावं. विमल


कारंजा,
६ फेब्रुवारी

विमल,

कार्ड सोमवारी आलं.

आयतवारी जेवनं झाल्यावर म्या दोघायले ओसरीवर बसवलं. पुढं बांगड्या ठेवल्या, धोतर ठेवलं आन् म्हटलं, "बोला, तारीक कोनती धरू?"

गंगू म्हणे, "कोनाची तारीक?"

"लगनाची."

"कोनाच्या?"

"तुमच्या दोघायच्या वं!"

देवमननं तोंडावर हात ठेवला. मले वाटलं लाजला. लाजला कायचा, हासता हासता खांबाले टेकला. पन गंगू उठून उभी राह्यली. तिचं तोंड असं झालं जसं कोनी थापड मारली. म्हनली, "मावशी, तुमीबी?"

एवढंच. आन् खोलीत जाऊन गठुडं बांधाले लागली.

मले काई समजे नाई. म्या म्हटलं, काय झालं, पोट्टा काळा हाय म्हनून का? तवा देवमन हासाचा थांबला. माह्यापुढं उकिडवा बसला, हात जोडून नाई, सरळ डोळ्यात पाहून. म्हणे, "मावशी, माह्या मनात पोट्टी येतच नाई. येते तं पोट्टा येते. मिसरूड फुटलं नव्हतं तवापासून. म्या लय धडपड केली, नाई जमलं. लगन केलं असतं तं ते पोरगी जलमभर इचारत बसली असती का माह्यं काय चुकलं. म्हनून नाई केलं."

आतून गंगू म्हनली, मोठ्यानं, "आन् माह्या मनात रुखमा हाय. आता सांगा, कोनत्या बसनं जाऊ?"

मी उठली आन् वाफ्यात गेली. तू म्हनली होती मधात बोलू नोको. कार्ड आलं नव्हतं, तरी मी बोलली नाई. पानी सोडून उभी राह्यली. वांग्याचं पानी कांद्यात गेलं, कांद्यातून रस्त्यावर गेलं, तरी मी उभीच.

मले शिरपूरचा सोमला आठवला. पोथीच्या टायमाले किती गोड गाये. बायल्या म्हनून लोकायनं चिडवून चिडवून त्याले गावाबाहेर काढला. मंग अंजनगावाकडं कोनाच्या तरी पडवीत थंडीनं मेला असं आयकलं. तवा माही माय म्हने, "बरं झालं, सुटला." कोनापासून सुटला, हे म्या कदी इचारलंच नाई. आपल्या गावात रिकाम्या खोल्या काय कमी होत्या, विमल?

मी वापस आली. गंगू गठुडं काखेत घेऊन दारात. म्या म्हटलं, "गंगू, ठेव ते खाली. मी मतारी हाय, बावळट नाई. कोनी सांगतलं तं मले समजते. पयले सांगाले काय झालं होतं?" म्हणे, "सांगतलं का लोक कुलूप लावतात." म्या म्हटलं, "माह्या घरी एकच कुलूप हाय, त्याची किल्ली मागल्या साली हिरीत पडली."

तिनं गठुडं खाली ठेवलं. म्या म्हटलं, "धोतर मी वापस करतो. पन बांगड्यावाला वापस घेत नाई, ह्यायचं काय करू?"

देवमन म्हणे, "पाहू, मले होतात काय."

झाल्या, बापा. एकबी फुटली नाई. हातात घालून त्यानं भांडे घासले, छन् छन् आवाज. गंगू हासली. तोंडावर पदर घ्याले गेली आन् पदरच नव्हता, मंग आनखी हासली.

पन तुह्यावर राग हाय. तुले सगळं ठाऊक होतं आन् तू मले सांगतलं नाई. शाळेत तुले दाराबाहेर बसवत होते तवा मी पाटी घेऊन तुह्यापाशी बाहेर येऊन बसली होती. त्याच्यानंच चवथीच्या पुढं गेली नाई. आन् तू माह्यापासून लपवते?

गिरजा


वाशीम,
१५ फेब्रुवारी

गिरजे,
जय भीम.

चौथीच्या पुढं तू गेली नाहीस ते भागाकारामुळे. पण बाहेर येऊन बसली होतीस हे खरं. ते मी विसरत नाही.

तुझं पत्र लिलाबाईला वाचून दाखवलं. बांगड्यांपाशी ती इतकी हसली की तवा करपला. मग किल्लीपाशी डोळे पुसत बसली.

मी लपवलं, कारण ते त्यांचं होतं. दुसऱ्याच्या मनातलं आपण परस्पर सांगत सुटलो तर त्याला सांगायला काय उरतं? आणि खरं सांगू, मला नेमका शब्दही सापडला नाही. गावात जे शब्द आहेत ते सगळे दगडासारखे फेकायचे आहेत, लिहायचे नाहीत.

आता एक बातमी. तुझे माणिकराव वाशीमला येऊन गेले. पांढरं धोतर, डोक्यावर फेटा. मला वाटलं मुलगी पाहायला आले. आमच्या समितीच्या अध्यक्षांना भेटून सांगितलं, की अधीक्षिकाबाई वाया गेलेली पोरं गोळा करून कारंजाला धाडतात. अध्यक्षांनी मला बोलावून विचारलं. मी म्हटलं, "वाया जाऊ नयेत म्हणूनच धाडते." त्यांना ते आवडलं नाही. मी मार्चअखेर निवृत्त होतेच आहे. इथली खोली उन्हाळाभर माझ्याकडे ठेवा म्हणून विनंती केली होती, ती आता मान्य नाही. शेवटच्या दिवशी खाली करायची. काळजी करू नकोस, माझी व्यवस्था होते आहे.

लिलाबाईच्या गुडघ्यांमुळे जिना नसलेलं घर हवं, एवढीच अडचण. दोन-चार पाहिली. घरमालक विचारतात, दोघी बायका, नातं काय? मी म्हणते, बहिणी. मग ते आडनावं विचारतात. मी म्हणते, आमच्या वसतिगृहाची स्वैपाकीण आहे, एकटी आहे. मग विचारतात, स्वैपाकिणीला निवृत्तीनंतर कशाला नेता? लोकांना किती चौकशा!

तू मुलांकडे बघ. गंगूचा भाऊ जगदेव इथं दोनदा विचारून गेला. मी काही सांगितलं नाही, पण माणिकराव सांगतील.

तुझी,
विमल


कारंजा,
९ मार्च

विमल,

जगदेव आला होता.

माणिकरावच घेऊन आला त्याले, संग आनखी दोन गडी. सकाळी, मी मेथीच्या जुड्या बांधून राह्यली होती. रंगूबाई आन् बाजारातल्या चार बाया टोपले घेऊन आल्या होत्या, आता सगळ्याच देवमनच्या आवाजावर माल इकतात. गंगू हिरीवर इंजनाखाली पडलेली, नुसते पाय दिसत.

जगदेव म्हणे, "आमची पोट्टी हाय इथी. न्याले आलो."

म्या म्हटलं, "बसा. च्या घ्या."

"च्या नाई पाह्यजे. आमच्या घरच्या इज्जतीचा सवाल हाय."

मले भेव वाटलं, विमल, खोटं नाई लिहीत. गडी दांडगे होते. देवमन माह्याजवळ येऊन उभा राह्यला, हातात बांगड्या तशाच. एक गडी म्हणे, "हा कोन छक्का?" देवमन सरला नाई. म्हणे, "मी देवमन. भाजी पाह्यजे काय?"

तेवढ्यात गंगू आली. कोपरापर्यंत काळं तेल. म्हनली, "दादा, न्याचं तं ने. मी परत येईन. मांग कौलं काढले होते, आता भिंत पाडीन."

जगदेवनं तिचा हात धरला. तेल होतं, सटकला. पुन्हा धरला. तवा मी उठली. म्या म्हटलं, "जगदेव, नेजो. पन नेऊन ठेवशीन कोठी, ते सांग." म्हणे, "घरी." म्या म्हटलं, "घरी म्हंजे कडब्याच्या खोलीत ना? बाहेरून कुलूप लावून?"

रंगूबाईच्या हातातली जुडी खाली पडली. तिचा आवाज तुले ठाऊक नाई. लिलाव करनारे तिच्यापुढं गप बसतात. "कुलूप? बहिनीले? कायले?" दुसरी म्हणे, "जेवाले देत होते का नाई?" तिसरी म्हणे, "हा मालेगावकडचा जगदेव नोहे का? म्हंजे माह्या नंदेच्या गावचा जावाई! तेच म्हनतो तोंड वळखीचं. थांब रे बापा, तुह्या सासूले सांगतो, जावयानं बहीन कडब्यात कोंडली." 

जगदेवचं तोंड उतरलं. इज्जत न्याले आला होता आन् बाजारभर वाटून राह्यली होती. माणिकराव म्हणे, "बायायनो, तुमी मधात पडू नोका." रंगूबाई म्हणे, "मधात कुठी, आमी तं भाजी इकाले आलो. तुमीच मधात उभे हा."

जगदेवनं हात सोडला. तेल धोतराले पुसलं. गडी अगोदरच फाटकापाशी जाऊन उभे होते. जाता जाता तो थांबला. बहिनीकडं न पाह्यता म्हणे, "माय तुही आठवन काढते." गंगू म्हनली, "तिले सांगजो मी जेवतो." बस. तो गेला आन् गंगू इंजनाआड जाऊन लय रडली. देवमननं तिच्या पाठीवरून हात फिरवला, तं सदऱ्याले तेल लागलं म्हनून दोघं भांडले. मले बरं वाटलं.

सुख झालं असं समजू नोको. माणिकरावनं भाऊबंद जमवले. आता ह्या घरी कोनी येनार नाई, ह्या घरचं कोनी बोलावनार नाई. माह्या पुतनीचं लगन झालं, मले अक्षत आली नाई. ते पोरगी म्या अंगाखांद्यावर खेळवली. त्या दिवशी वाजंत्री वाजून राह्यलं आन् मी भिंतीच्या ह्या अंगाले वालाच्या शेंगा सोलत बसली. देवमन मुद्दाम वंगाळ गानं म्हनून राह्यला का मले वाजंत्री आयकू नाई यावं. खोल्या मात्र माह्या नावच्या हायत, माहा मालक मरताना करून गेला. त्या मी देत नाई.

आता तुह्याकडं येतो. लपून बसू नोको.

तू लिहिलं, दुसऱ्याचं आपन सांगू नये. मानलं. आन् जे तुह्यं सोताचं होतं, ते? म्या एकदा पोट्टा-पोट्टीचं उलटं वाचलं, म्हनून तुह्ये सगळे जुने पत्रं ट्रंकीतून काढून देवमनकडून वाचून घेतले. बावीस वर्साचे. एकबी पत्र नाई ज्यात लिलाबाई नाई. तिचे गुडघे, तिचा खोकला, तिनं केलेलं लोनचं. माह्या नवऱ्यासंग मी एकोनीस वर्सं राह्यली, त्याले मरेपर्यंत ठाऊक नव्हतं का मले च्या गोड लागते का फिका. आन् तुले स्वैपाकिनीचे गुडघे कोनत्या हवेत दुखतात ते ठाऊक!

वाचता वाचता देवमननं पत्र खाली ठेवलं. म्या म्हटलं, "काहून थांबला?" म्हणे, "मावशी, विमलमावशीले ठाऊक हाय का आपल्याले समजलं ते?" गंगू म्हनली, "म्हनूनच तं तिनं मले पाह्यल्याबरोबर काई इचारलं नव्हतं."

विमल, घर भेटलं का? खरं सांग.

गिरजा


वाशीम,
१६ मार्च

गिरजे,

घर मिळालं नाही.

आणि दुसरं जे तू न विचारता विचारलं आहेस, त्याचं उत्तर हो.

एवढं लिहून मी कागद बाजूला ठेवला होता. लिलाबाईनं चष्मा नसताना तो उचलला, मला म्हणाली, "एवढासाच कागद? इतक्या वर्षांचा?" म्हणून पुढं लिहिते.

ती वसतिगृहात कामाला आली तेव्हा विधवा होती, सासरच्यांनी घालवून दिलेली. पहिल्याच आठवड्यात माझ्या भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून मी बोलले. दुसऱ्या दिवशी तिनं मीठच घातलं नाही आणि वर म्हणाली, "आता बाईंनी पाहिजे तेवढं घ्यावं." अशी सुरुवात. यात सांगण्यासारखं काय आहे, असं मला वाटायचं. मग वाटायचं, सांगितलं तर आहे तेही जाईल. मुलामुलींना मी धीटपणे धाडत राहिले, पण स्वतःसाठी कोणाचं दार वाजवायचं, हे मला सुचलं नाही. तुझं तर नाहीच. तू माझी एकुलती मैत्रीण. तू तोंड फिरवलं असतंस तर मी कोणाकडे बघितलं असतं?

तू लिहिलंस, भाऊबंदांनी तुला टाकलं. आमच्यामुळे आणखी कशाला? शिवाय खोल्या दोन, त्यांत माणसं दोन आहेतच. आम्हाला लहानशी जागा कुठंतरी मिळेल. लिलाबाई मात्र म्हणते, "त्या गिरजाबाईला विचार, तिच्याकडे चूल कोणाच्या ताब्यात आहे?" म्हणजे तिनं मनात सामान बांधलेलं दिसतं.

तुला काय वाटतं ते स्पष्ट लिही. नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही. रागावेन, पण लिहिणार नाही.

तुझी,
विमल


कारंजा,
२२ मार्च

विमल,

चूल देवमनच्या ताब्यात हाय. लिलाबाईले सांगजो का पयल्या दिवसापासून भांडन व्हईन, तयारीनं येजा.

तुह्यं पत्र आलं तवा दोघं जेवून राह्यले होते. म्या वाचून दाखवलं. खोली कोनी सोडाची ह्याच्यावर तथीच जुंपली. देवमन म्हणे मी सोडतो, गंगू म्हणे मी सोडतो. शेवटी गंगूनं ताट सरकवलं, उठली आन् फावडं घेऊन गोठ्याच्या अंगाले पाया खंदाले लागली. तिसरी खोली बांधून राह्यले. इटा रंगूबाईच्या पोरानं आनून देल्या, तिचं जुनं घर पाडलं त्याच्या. माणिकराव भिंतीवरून म्हणे, "आता कोन येऊन राह्यलं?" म्या म्हटलं, "माह्ये भाऊबंद."

तू इचारलं, मी तोंड फिरवलं असतं तं. फिरवलंबी असतं, विमल. मांगच्या साली तू सांगतलं असतं तं मले समजलं नसतं, मी काईबाई बोलली असती. हे दोघं पयले आले ते बरं झालं. तू त्यायले माह्याकडं शिकाले धाडलं का मले शिकवाले, हे आता तुह्यं तूच पाह्य.

एकतीस तारखेची वाट पाहू नोको. रजा टाक आन् पंचवीसलेच निंघ. सकाळची मंगरूळवरून येनारी गाडी धर, लिलाबाईले समोरच्या सीटवर बसव, मांगं हादरे लय बसतात. स्टँडवर गंगू बैलगाडी घेऊन येईन. देवमनले येऊ देत नाई, तो स्टँडभर गानं म्हनीन. जिना नाई, उंबरठाबी गंगूनं तासून कमी केला.

आन् आता पत्र लिहिनं बंद. इतकी वर्सं तू कागदावर लपवलं, मले दिसत नव्हतं. आता जे लपवाचं असन ते इथी येऊन, माह्या तोंडासमोर बसून लपव. पाह्यतो तुले किती जमते ते.

गिरजा